ड्राफ्ट २०२५ : क्वार्टरबॅक आधी की लाईन आधी?

वेताळटेकडी | २१ एप्रिल २०२५

येत्या गुरुवारी ग्रीन बेमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) सुरू होतोय. आमच्या शिकागो बेअर्सचा पहिला नंबर दहावा. घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. मुलाला बॉइसी स्टेटचा ॲश्टन जेंटी हवाय. गेल्या मोसमात त्याने पळून २६०१ यार्ड काढले, त्यामुळे पोराचं काही चूक म्हणता येत नाही. नवऱ्याला पास रशर हवा, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा. मी मात्र हटून बसले आहे: लाईन. दहाव्या नंबरावर टॅकलच घ्यायचा, म्हणजे लाईनच्या टोकाला उभं राहून क्वार्टरबॅकला सांभाळणारा.

कारण सांगते. १० नोव्हेंबरला मुलाला घेऊन सोल्जर फील्डला गेले होते, पॅट्रियट्सविरुद्ध. आमचा नवा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स त्या दिवशी नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल टाकायच्या आधीच पाडला गेला. टीव्हीवर सॅक म्हणजे नुसता आकडा वाटतो. मैदानात बसलं की दोन खेळींच्या मधला वेळही दिसतो. पोरगा आधी एका गुडघ्यावर येतो, हेल्मेटच्या जाळीत अडकलेलं गवत बोटाने काढतो, मग कुणाचा तरी हात धरून उठतो. सहाव्या-सातव्या वेळेनंतर तर बॉल हातात आला की त्याची नजर पुढे बॉल झेलणाऱ्या रिसीव्हरकडे न जाता आधी अंगावर येणाऱ्यांकडेच जायची. आम्ही १९-३ ने हरलो. मोसमभरात ६८ सॅक. येताना गाडीत मुलगा म्हणाला, "आई, तो घाबरलाय का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि हे आमच्याकडे पहिल्यांदा होत नाहीये. २०१७ मध्ये तिसऱ्या नंबरावरून दुसऱ्यावर जायला जादा पिक (निवडीच्या पाळ्या) मोजून क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्की घेतला. कॉलेजात जेमतेम तेरा सामने सुरुवातीपासून खेळलेला मुलगा. त्याच ड्राफ्टमध्ये आज सगळ्यात भारी मानला जाणारा पॅट्रिक महोम्स दहावा गेला. २०२१ मध्ये पुन्हा पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळी गहाण टाकून जस्टिन फील्ड्स हा क्वार्टरबॅक. तोही तीन वर्षांत गेला. दर वेळी कळस आधी आणला आणि पाया पुढच्या वर्षी बघू म्हटलं.

तर प्रश्न असा: तुम्ही जनरल मॅनेजर असता तर आधी काय केलं असतं? क्वार्टरबॅक मिळतोय तेव्हा घेऊन टाकायचा, की लाईन उभी करून मग आणायचा?

पावशेर | २१ एप्रिल

ताई, आम्हाला मेस्सीवाला फुटबॉल कळतो. हा ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?

वेताळटेकडी | २१ एप्रिल

नाही हो, लिलावात पैसे लावायचे असतात, इथे पाळी असते. कॉलेजातून येणारे खेळाडू ३२ संघ एकेक करून उचलतात, सात फेऱ्यांमध्ये. मागच्या मोसमात जो सगळ्यात वाईट खेळला त्याची पाळी पहिली. यंदा तो मान टेनेसी टायटन्सचा. पाळीची अदलाबदल करता येते, म्हणून एवढा बाजार भरतो.

पगारावरही मर्यादा आहे: २०२५ ला एका संघाला एकूण २७ कोटी ९२ लाख डॉलर. ड्राफ्टमधून आलेल्याचा चार वर्षांचा पगार तो कितव्या नंबरावर आला त्यावरून जवळपास ठरूनच येतो.

क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक खेळी सुरू होते तो. आणि लाईन म्हणजे त्याच्यासमोर उभे राहणारे पाच धिप्पाड गडी, ज्यांना बॉल घेऊन पळायचं नसतं, याला सांभाळायचं आणि पळणाऱ्याला वाट करून द्यायची असते.

एडिसनचा_बाळ्या | २१ एप्रिल

पूर्ण असहमत. मी न्यू यॉर्क जायंट्सवाला आहे, म्हणजे दुःख काय असतं ते मला नव्याने सांगायला नको. तरी सांगतो: क्वार्टरबॅक आधी. नेहमी.

हिशोब साधा आहे. केलेबला चार वर्षांचे मिळून साधारण ३ कोटी ९५ लाख डॉलर. क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला डलास एका वर्षाला ६ कोटी देतं. म्हणजे ड्राफ्टमधला पोरगा चांगला निघाला तर दर वर्षी पाच कोटी वाचले, आणि त्या पैशात तुमची लाडकी लाईन बाजारातून विकत घेता येते. तुमच्या बेअर्सनी मार्चमध्ये हेच तर केलं! चीफ्सकडून जो थूनी, रॅम्सकडून जोना जॅक्सन, अटलांटाचा सेंटर (लाईनच्या मधला गडी) ड्रू डालमन. पगार देऊन तीन माणसं एका महिन्यात उभी राहिली. असा बाजारातून क्वार्टरबॅक आणून दाखवा.

आम्ही क्वार्टरबॅक डॅनियल जोन्सला २०२३ मध्ये चार वर्षांचे १६ कोटी कबूल केले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात सोडलं. मधल्या काळात बॉल घेऊन पळणाऱ्या साक्वॉन बार्कलीला जाऊ दिलं. तो फिलाडेल्फियाला गेला, २००५ यार्ड पळाला आणि सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. माझ्या वडिलांनी त्याची जर्सी अजून घडी घालून कपाटात ठेवली आहे, टाकवत नाही म्हणतात.

लेफ्ट_टॅकल | २२ एप्रिल

बाळ्या, वडिलांना नमस्कार सांग. साक्वॉन आमच्याकडे फिलाडेल्फियात सुखात आहे.

पण तो २००५ यार्ड का पळाला? तोच पाय, तोच माणूस, न्यू यॉर्कात दोन यार्डांवर आडवा व्हायचा. फिलीत त्याला पहिले तीन यार्ड कुणी हातच लावत नव्हतं. आमच्याकडे जेफ स्टाउटलंड नावाचे लाईनचे कोच २०१३ मध्ये आले. हेड कोच बदलले, क्वार्टरबॅक बदलले, हा माणूस जागचा हलला नाही.

जॉर्डन मायलाटाचं उदाहरण घ्या. सिडनीचा रग्बी लीग खेळणारा मुलगा, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळलेला. २०१८ च्या सातव्या फेरीत २३३ व्या नंबरावर घेतला. आधी दोन मोसम तर तो सामन्यात उतरलाच नाही. आज तो लीगमधल्या उत्तम लेफ्ट टॅकलांपैकी एक आहे. एकदा संपूर्ण सामना मी बॉलकडे न बघता फक्त त्याच्या पायांकडे बघितला. बॉल सुटला की उजवा पाय जमिनीत रोवलेला, डावा मागे सरकतो, बूड खाली, छाती वर, आणि हात शेवटच्या क्षणापर्यंत आखडलेले. समोरच्याने आधी हात टाकला की मग हा टाकतो. आपले पैलवान पकड घेण्याआधी थांबतात, अगदी तसं.

आणि गेल्या फेब्रुवारीतला सुपर बोल आठवा. ४०-२२. आमच्या बचावाने चीफ्सच्या महोम्सवर एकदाही ब्लिट्झ, म्हणजे जादा माणसांचा हल्ला, टाकला नाही. चार जणच पाठवायचे, तरी सहा सॅक. जगातला सर्वोत्तम क्वार्टरबॅकही कोसळणाऱ्या लाईनमागे काही करू शकला नाही. तो सामना बघून मुद्दा संपायला हवा होता.

ओहायोतला_कोल्हापुरी | २२ एप्रिल

एवढ्यात संपत नाही भावा. आमच्या सिनसिनाटीचं ऐक.

२०२० मध्ये क्वार्टरबॅक जो बरो पहिला घेतला, नोव्हेंबरात त्याचा गुडघा गेला. पुढच्या ड्राफ्टला पाचव्या नंबरावर आमच्यासमोर दोन पोरं. पेने सुअल, तगडा टॅकल. आणि जमार चेस, बरोचा कॉलेजातला रिसीव्हर. अख्खं गाव बोंबलत होतं, सुअल घ्या, पोराचा दुसरा गुडघा तरी वाचवा. मीपण त्यातलाच. घेतला चेस. पहिल्याच वर्षी १४५५ यार्ड आणि आम्ही थेट सुपर बोलमध्ये! वाटेत टेनेसीत बरो नऊ वेळा सॅक झाला आणि तरी सामना काढला.

आता दुसरी बाजू, कारण खोटं बोलायचं नाही. सुपर बोलमध्ये सात सॅक खाल्ले. शेवटच्या खेळीला रॅम्सचा ॲरन डोनल्ड बरोच्या अंगावर होता, २३-२० ने गेलो. चेस पुढे मोकळा पळत होता, बॉल टाकायला अर्धा सेकंद हवा होता. तो अर्धा सेकंद सुअलने दिला असता का? तीन वर्षं झाली, रात्री झोप लागली नाही की हेच डोक्यात येतं.

चिमणराव_डलास | २२ एप्रिल

अर्ध्या सेकंदासाठी तीन वर्षं जागा. कोल्हापूरकर, तांबडा रस्सा पाठवू का?

ओहायोतला_कोल्हापुरी | २२ एप्रिल

डलासहून नको. तिथला रस्सा गुलाबी असतो.

कसबापेठ | २२ एप्रिल

मी पुण्यातून पहाटे उठून एनएफएल बघणारा. सोसायटीत एकटाच. पण हा प्रश्न आपल्या कबड्डीत तंतोतंत आहे.

प्रो कबड्डीच्या दहाव्या मोसमात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर मोजून घेतलं. त्याच्या चढाया बघाव्यात, वादच नाही. पण मागे पकडी करायला माणसं नव्हती आणि संघ तळाला राहिला. त्याच लिलावात आपल्या पुणेरी पलटणने इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाख दिले. पैसे कमी नाहीत, पण गेले कुठे? बचावात. बाकी अस्लम इनामदारसारखी पोरं वर्षानुवर्षं सांभाळून मोठी केलेली. १ मार्च २०२४ ला हरियाणाला २८-२५ ने हरवून पलटण पहिल्यांदा अजिंक्य झाली.

चढाईपटू गर्दी जमवतो. पण तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला परत मैदानात आणतं कोण? बरेचदा पकड करणाराच. क्वार्टरबॅकचंही तसंच आहे.

एडिसनचा_बाळ्या | २२ एप्रिल

कसबापेठ, उदाहरण झकास, पण एक फरक. कबड्डीत चढाईला माणूस बदलता येतो, संघात तीन चढाईपटू असतात. क्वार्टरबॅक एकच. तो दुसऱ्या दर्जाचा असला की बाकी बावन्न जणांचा मोसम वाया.

झिम्मा | २२ एप्रिल

अवांतर, पण सॅकला मराठीत काय म्हणायचं? आम्ही घरी "पोत्यात घातला" म्हणतो. सासूबाई आता सामन्यात आमच्या आधी ओरडतात, "घातला गं पोत्यात!"

ह्यूस्टनचे_आजोबा | २३ एप्रिल

झिम्मा, तुमच्या सासूबाईंना ह्यूस्टनला पाठवा, इथे त्यांना उसंत मिळणार नाही.

२००२ साली टेक्सन्स हा संघ नव्याने सुरू झाला तेव्हा मी तिकीट काढून गेलो होतो. क्वार्टरबॅक डेव्हिड कार, पहिल्या नंबरावर घेतलेला, देखणा, मजबूत हात. त्या एका मोसमात ७६ सॅक. तो विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. चांगला मुलगा होता हो. पुढे लाईन थोडीफार सुधारली तरी मागून पावलं ऐकू येण्याची त्याची सवय गेली नाही. लाईन कोसळायच्या आधीच तो पॉकेट, म्हणजे लाईनने राखलेली जागा, सोडून पळायचा.

आता आमचा क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड. पहिल्या वर्षी डोळ्यांचं पारणं फेडलं. दुसऱ्या वर्षी ५२ सॅक आणि खेळ उतरला. मला तीच भीती वाटते. वेताळटेकडी, तुमच्या मुलाने गाडीत विचारलेला प्रश्न मी २००२ मध्ये माझ्या मुलाकडून ऐकला आहे.

धुळाक्षर | २३ एप्रिल

थोडं उलट बोलतो, राग नसावा. मीही बेअर्सवालाच, शॉम्बर्गचा.

पहिली गोष्ट, १० नोव्हेंबरच्या सामन्यात आपले दोन्ही टॅकल, ब्रॅक्स्टन जोन्स आणि डार्नेल राइट, जखमी होऊन बाहेर होते. राखीव माणसांवर संपूर्ण धोरणाचा निकाल लावू नका. दुसरी, त्या ६८ पैकी बरेच सॅक केलेबचे स्वतःचे आहेत. कॉलेजात तो मागे पळून, गिरकी घेऊन चमत्कार करायचा. इथले एज रशर, म्हणजे टोकाकडून धावून येणारे, त्याच्याइतकेच चपळ. पहिला रिसीव्हर मोकळा असताना तो दुसऱ्याची वाट बघतो. अशा वेळी लाईनने किती वेळ धरून ठेवायचं?

तिसरी, कोच. मोसमाच्या मधे आधी ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाची आखणी करणारा कोच) काढला, थँक्सगिव्हिंगनंतर हेड कोच काढला. बेअर्सच्या इतिहासात मोसम चालू असताना हेड कोच काढायची ती पहिली वेळ. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराने वर्षभरात तीन जणांची भाषा शिकायची? माझ्या मते क्रम असा: कोच, मग लाईन, मग क्वार्टरबॅक. नवा हेड कोच बेन जॉन्सन आला हीच यंदाची सर्वात मोठी भरती.

वेताळटेकडी | २३ एप्रिल

टॅकलचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. केलेब बॉल धरून ठेवतो हेही मान्य. पण धुळाक्षर, तो का धरून ठेवतो? वीस टचडाऊन आणि फक्त सहा इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले बॉल). चूक करायची नाही म्हणून तो सॅक पत्करत होता. दहा सामने ओळीने हरणाऱ्या संघात नव्या मुलाला एवढंच हातात असतं. कोचचं मात्र शंभर टक्के पटलं.

शेंगदाणा_चटणी | २३ एप्रिल

यंदाच्या क्वार्टरबॅकांवर कुणी बोलेना! कॅम वॉर्ड पहिला जाणार हे जवळपास ठरलंय. मायामीचे सामने बघितलेत, तीन जण अंगावर असताना हात वाकडा करून टाकतो आणि बॉल पोचतो. शेड्यूर सँडर्सबद्दल मन दोलायमान आहे. नेमकेपणा अप्रतिम, पण कोलोरॅडोत लाईन फाटकी होती आणि त्याला मागे मागे सरकायची खोड लागलीय. ओले मिसचा जॅक्सन डार्ट मला आवडतो, फक्त त्याला वर्षभर बसवून ठेवायला हवं. महोम्स एक वर्ष बसला, जॉर्डन लव्ह तीन वर्षं बसला. लोणचं मुरू द्यावं लागतं.

आणि टॅकल विल कॅम्पबेलच्या हातांची लांबी मोजणं बंद करा आता. ३३ इंचांना थोडे कमी भरले म्हणून तो टॅकलच नाही म्हणे. तीन वर्षं एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट) लाईनच्या डाव्या बाजूला उभा राहिलाय, ते कुणी मोजायचं?

कसबापेठ | २५ एप्रिल, पहाटे ५:४८

चहा झाला. वॉर्ड पहिला. आणि जॅक्सनव्हिल पाचव्यावरून दुसऱ्यावर! ट्रॅव्हिस हंटर! क्लीव्हलंडला पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळीसुद्धा दिली.

एडिसनचा_बाळ्या | २४ एप्रिल (आमच्याकडे अजून रात्रच)

जायंट्स, तिसरा, अब्दुल कार्टर. खूश आहे. वडील उभे राहून टाळ्या वाजवताहेत.

वेताळटेकडी | २४ एप्रिल

चौथा कॅम्पबेल, पॅट्रियट्स. गेला. सहावा जेंटी, रेडर्स. मुलगा वरच्या खोलीत गेला. सातवा आर्मंड मेंबू, जेट्स. आता टॅकलांमध्ये केल्व्हिन बँक्स उरलाय. दोनच नंबर मधे. देवाजवळ दिवा लावलाय.

वेताळटेकडी | २४ एप्रिल

नववा. सेंट्स. केल्व्हिन बँक्स.

धुळाक्षर | २४ एप्रिल

दहावा आपण: कोल्स्टन लव्हलंड, मिशिगनचा टाइट एंड, म्हणजे लाईनशेजारून पळून बॉल झेलणारा. ताई, धीर धरा. बेन जॉन्सनने डेट्रॉइटमध्ये टाइट एंड सॅम लापोर्टाचं काय केलं ते बघा. मधल्या भागात लवकर मोकळा होणारा माणूस मिळाला तर केलेब बॉल लवकर सोडेल. तीही एक प्रकारची लाईनच.

एडिसनचा_बाळ्या | २४ एप्रिल

डार्ट!!! पंचविसाव्या नंबरावर, ह्यूस्टनशी अदलाबदल करून! आणि आमच्याकडे रसेल विल्सन नि जेमिस विन्स्टन दोघे आहेत, म्हणजे घाई नाही. शेंगदाणा, लोणचं मुरणार.

शेंगदाणा_चटणी | २६ एप्रिल

सँडर्सचं जे झालं ते बघवलं नाही. पहिली फेरी गेली, दुसरी, तिसरी, चौथी. क्लीव्हलंडने तिसऱ्या फेरीत ओरेगनचा डिलन गेब्रियल घेतला आणि मग पाचव्या फेरीत, १४४ व्या नंबरावर, त्यांनीच सँडर्सही घेतला. एकाच ड्राफ्टमध्ये दोन क्वार्टरबॅक. पोराच्या बोलण्या-वागण्यावर एवढी चर्चा झाली, त्याच्या हातावर निम्मीही नाही. पुढे नाव काढलेले क्वार्टरबॅक बघा: टॉम ब्रेडी १९९ वा होता, ब्रॉक पर्डी तर २०२२ चा शेवटचा, २६२ वा. दार बंद झालेलं नाही.

ह्यूस्टनचे_आजोबा | २६ एप्रिल

सँडर्सला आता पहिल्या नंबराचं ओझं नाही. निवांत शिकू द्या. डेव्हिड कारला हे मिळालं असतं तर, असं राहून राहून वाटतं.

लेफ्ट_टॅकल | २७ एप्रिल

वेताळटेकडी, कुठे गायब? मूळ प्रश्न तुमचाच आहे. बेअर्सचा दुसरा दिवस बघितला की नाही? एक्केचाळिसावा नंबर बफेलोला देऊन मागे सरकले आणि छप्पन्नाव्याला बॉस्टन कॉलेजचा ऑझी ट्रॅपिलो उचलला. टॅकल! आणि त्याचे वडीलही एनएफएलमध्ये लाईनवर खेळलेले, न्यू ऑर्लीन्सला.

वेताळटेकडी | २७ एप्रिल

बघितलं, बघितलं. दोन दिवस त्याचेच कॉलेजातले सामने शोधून बघत होते. साडेसहा फुटांपेक्षा उंच, थोडा ताठ उभा राहतो, पण हात लवकर टाकत नाही. तुम्ही मायलाटाबद्दल लिहिलंत ना, तेच आता मला सगळीकडे दिसतं.

बाळ्याचा हिशोब मला आता निम्मा मान्य आहे. केलेब स्वस्तात आहे म्हणूनच थूनी आणि डालमन आले. पण ते एक वर्ष आधी आले असते तर पोराने ६८ वेळा माती खाल्ली नसती, एवढं माझं म्हणणं मी सोडणार नाही. दहाव्या नंबरावर मात्र उगाच हट्ट करून चौथ्या दर्जाचा टॅकल ओढला नाही हे बरं झालं. नववा नंबर बघून मी रडले होते, खोटं कशाला सांगू.

काल संध्याकाळी मुलाला अंगणात उभं केलं. त्याच्या हातात बॉल, समोर नवरा धावून येणारा, मधे मी. लेफ्ट टॅकल. पहिल्या दोन वेळा नवरा मला वळसा घालून गेला. तिसऱ्यांदा मी बूड खाली ठेवलं, हात आखडून थांबले, आणि त्याला पार लिलीच्या वाफ्यापर्यंत अडवत नेलं. मुलगा मागून ओरडत होता, "आई, अजून धर, अजून एक सेकंद धर!"

झिम्मा | २७ एप्रिल

आणि बॉल टाकला का त्याने?

वेताळटेकडी | २७ एप्रिल

टाकला. शेजाऱ्यांच्या छपरावर. आज शिडी आणायची आहे.